दिवसातून दोनदाच

माझे यजमान गेले तेव्हा दिवाळी होऊन पंधरवडाही झाला नव्हता. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत पडली होती आणि दुपारी वारा सुटला की तिचा ठसका आमच्या गल्लीपर्यंत यायचा. सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "छाती जड वाटते आहे." मी म्हटलं, मिरचीचा ठसका असेल. ओट्यावर बसले, घाम आला, आणि शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं, जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून देण्याचं. त्या दिवशी बाकड्यावर अर्धी भरलेली मोटार तशीच राहिली. ती कुणाची होती ते मला माहीत नव्हतं. पुढे एक शेतकरी आला, ती उचलून घेऊन गेला.

घरात मागे राहिलो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. मी रनाळ्याच्या शाळेत शिक्षिका आहे, वय पन्नाशीला टेकलेलं. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगी पुण्यात नोकरीला. ती आली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली.

दहाव्याच्या दिवशी पुरुषमंडळी प्रकाशा गावी तापीवर गेली होती. घरात बायका जमल्या होत्या. मी कोपऱ्यात बसले होते. कपाळावर टिकली तशीच होती, ती काढायचं मला सुचलंही नव्हतं. नात्यातली एक म्हातारी चुलत सासू ओलं फडकं घेऊन माझ्याकडे यायला लागली. तिचा काही दुष्टावा नव्हता. तिने आयुष्यभर हेच पाहिलं होतं. पण सासूबाई उठल्या. ज्यांना उठताना भिंतीचा आधार लागतो त्या एकदम उठल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या.

"कोनी हात लावानं नही," त्या म्हणाल्या. "तिन्हं तोंड ती धोई लेई."

मी मोरीत गेले, दार लावलं, नळ सोडला. टिकली काढली आणि भिंतीला लावली. रोज अंघोळीच्या वेळी लावायचे तशीच, सवयीने. मग ती तिथून काढून पाण्यात सोडली. आरशात पाहिलं तर कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढा पांढुरका डाग होता. इतकी वर्षं टिकलीखाली तो कधी उमटत गेला मला कळलंच नव्हतं. वाटलं, गोंद राहिला असेल. अंगाचा साबण घेतला आणि घासलं. डाग गेला नाही. आणखी घासलं. नळाचा आवाज चालू होता म्हणून मला मोठ्याने रडता आलं.

पुढे कितीतरी दिवस असंच चाललं.

सासूबाईंसमोर मी रडत नसे. त्यांचा मुलगा गेला होता. माझं दुःख त्यांच्या दुःखापुढे मांडायचं कसं, हा प्रश्न मला पडायचा. त्या माजघरात पलंगावर बसलेल्या असायच्या, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की मला यजमानांचं नाक, यजमानांची हनुवटी दिसायची. मग मी उठायचे, मोरीत जायचे, नळ सोडायचे. रडून झालं की डोळे लाल दिसू नयेत म्हणून तोंड साबणाने खसाखसा धुवायचे. शाळेला जाण्याआधी धुवायचे. शाळेतून आल्यावर धुवायचे. स्वयंपाक करताना फोडणीच्या वासाने यजमानांची आठवण आली की पुन्हा. जेवण झाल्यावर ताटं दोनच घासायची असली की पुन्हा.

शाळा सुरू झाली तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. मी रोज सकाळी बसने जाते. खिडकीची काच नीट बसत नाही, वारा थेट तोंडावर येतो. आधी गाल ओढल्यासारखे व्हायला लागले. मग नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटले. ओठांच्या कोपऱ्याला चीर पडली. हसताना दुखायचं, पण हसण्याचा तसा प्रसंगच नव्हता. कपाळावरचा डाग मात्र घासून घासून लाल झाला होता आणि त्याच्या कडा सोलल्या होत्या.

पहिलीच्या वर्गात एक मुलगी पुढच्या पट्टीवर बसते. बोलायला धीट. एके दिवशी पाटीवरून मान वर करून तिने विचारलं, "बाई, तुम्हना कपायले काय लागनं?"

तिच्या कपाळाला काही लागलं असतं तर मी हेच विचारलं असतं. मी म्हटलं, "काही नाही गं, कोरडं पडलंय."

"मन्ही माय तेल लावस," ती म्हणाली आणि पुन्हा अक्षर गिरवायला लागली.

त्या दिवशी घरी येऊन मी खोबरेल लावलं. त्यावर मिरचीची धूळ बसली आणि तोंडाची आग आग झाली. मग पुन्हा साबण.

आता प्रत्येकजण काही ना काही सांगू लागला. शेजारीण म्हणाली, बेसन आणि दही. एक सहशिक्षिका म्हणाली, लिंबू चोळा, डाग जातो. मी लिंबू चोळलं आणि ओरडलेच. मुलीला व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या ओठांची चीर दिसली असावी, तिने पुण्याहून एक खोकं पाठवलं. त्यात फेसाचं काहीतरी होतं, रवाळ काहीतरी होतं, दोन बारक्या बाटल्यांत थेंब थेंब घालायचं काहीतरी होतं. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरांत सूचना. मी चष्मा लावून वाचत बसले. सकाळी हे आधी, मग ते, मग ते वाळू द्या, मग हे. रात्री उलट. पोरीने प्रेमाने पाठवलेलं, म्हणून आठवडाभर सगळं केलं. शेवटी डोळ्यांच्या खालची कातडी सुजली.

"आई, सगळं एकदम नको लावूस गं," ती फोनवर म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "मला तिथे येता येत नाही म्हणून पाठवलं मी."

"कळतं मला बेटा," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मोरीत गेले.

सासूबाई हे सगळं पाहत होत्या. एकदा संध्याकाळी मी मोरीतून बाहेर आले तर त्या दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

"कोड ते नही ना वं माय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. आमच्याकडे कोड म्हटलं की घरातल्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनीच म्हटलं, "सकाय डाक्तरकडे जाऊत. मी बी येस."

मी म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता. पण त्यांनी सकाळी लुगडं बदललं आणि ओट्यावर चपला घालून बसल्या.

कातडीच्या डॉक्टरीण तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. दवाखान्यात गर्दी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. भिंगातून कपाळ पाहिलं, एक निळा दिवा लावून पुन्हा पाहिलं. "किती वर्षं टिकली लावता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लग्न झाल्यापासून. आता नाही लावत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न बदलला असावा.

"टिकलीच्या गोंदाने पडतो असा डाग," त्या म्हणाल्या. "काहींच्या कातडीला तो गोंद चालत नाही. लावणं थांबलंय, तर पसरायची चिंता आत्ता तरी वाटत नाही. मी मलम देते. थोडा भरून येईल, कदाचित पूर्ण नाही येणार."

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मी त्यांना सगळं अहिराणीत समजावून सांगितलं.

"पण बाकीच्या तोंडाचं काय केलंत हे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात कातडीतलं तेल कमीच होतं. पाळी थांबत आली की अजून कमी. त्यात थंडी. कशाने धुता?"

"साबणाने."

"दिवसातून किती वेळा?"

मी मोजायला लागले. उठल्यावर, शाळेला जाताना, शाळेतून आल्यावर, असं म्हणत होते, आणि मध्येच मला पुढचं बोलता येईना. कारण त्यापुढच्या सगळ्या वेळा म्हणजे रडून झाल्यावरच्या वेळा होत्या. आता त्या एका अनोळखी मुलीसमोर, सासूबाईंसमोर, कशा मोजू? डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या चिरांत शिरलं. झोंबलं. मी हात वर नेला पुसायला.

"पुसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कपाटातून मऊ कापूस काढून त्यांनी माझ्या गालाला हलकेच लावला. "घासायचं नाही. टिपायचं."

मग त्यांनी एका कागदाच्या मागे लिहिण्याऐवजी नुसतंच सांगितलं, कारण सांगण्यासारखं फार नव्हतंच. सकाळी नुसतं कोमट पाणी. संध्याकाळी एकदाच, फेस न येणारं एक सौम्य धुण्याचं औषध, तेही बोटांनी, फडक्याने नाही. मऊ सुती कपड्याने टिपायचं. तोंड ओलसर आहे तोवरच साधी, वास नसलेली क्रीम लावायची. मी काय काय लावलं ते ऐकून म्हणाल्या, बेसन नको, लिंबू नको, पुण्याहून आलेलं ते सगळं सध्या नको. दिवसातून दोनदाच. त्याच्यावर एकदाही नाही.

"दोनदाच?" मी विचारलं.

"दोनदाच."

रिक्षातून घरी येताना मी त्याच विचारात होते. क्रीम, कोमट पाणी, हे सगळं जमण्यासारखं होतं. पण दोनदाच धुवायचं तर मग मी रडू कुठे?

त्या दिवशी दुपारी शाळा नव्हती. सासूबाईंना वाढलं, मीही जेवायला बसले. यजमानांना ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-तिखट घालून खायची सवय होती. ताटात तसा एक पापुद्रा सुटून आला. सवयीने उठले. मोरीच्या दारापर्यंत गेले. नळाकडे पाहिलं. आणि तिथेच थांबले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "पोरी."

मी वळले नाही.

"रडाले मोरीमा कसाले जास? आठे रड."

मी वळून पाहिलं. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती. त्यांचा पदर ओठांवर दाबलेला होता.

"मी बी तठेच जास," त्या म्हणाल्या. "तू शाळामा गई का मी बी मोरीमाच रडस. नय सोडीसन."

इतके दिवस आम्ही दोघी एकाच मोरीत, एकाच नळाखाली, पाळीपाळीने रडत होतो. एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडून. मला ते ऐकून काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग आला नाही, लाज वाटली नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि रडले. नळ नव्हता, त्यामुळे माझा आवाज मलाच पहिल्यांदा ऐकू आला. मोठा होता. त्या माझ्या केसांतून हात फिरवत होत्या आणि मध्ये मध्ये म्हणत होत्या, "मन्हा आंडोर व्हता तो. मन्हा आंडोर व्हता." जणू तो त्यांचा मुलगा होता हे मला माहीतच नव्हतं.

रडून झालं तसं मी उठून तोंड धुवायला निघाले नाही. पातळाच्या पदराने टिपलं आणि ताटं उचलली.

तेव्हापासून आमच्या घरात उघड्यावर रडणं सुरू झालं. स्वयंपाकघरात, ओट्यावर कपडे वाळत घालताना, कधी टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली की त्यावर. एकीचं सुरू झालं की दुसरी काम थांबवायची. कुणी कुणाला गप्प करत नसे. थोड्या वेळाने आपोआप थांबायचं.

संध्याकाळचं तोंड धुणं मात्र ठरलेलं झालं. मी चुलीवर नव्हे, गॅसवरच थोडं पाणी गरम करायचे, बोटाला सोसेल एवढंच. सुरुवातीला मला ते हलक्या हाताने धुणं जमतच नव्हतं. हाताला घासायचीच सवय. फेस नाही तर स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं नाही. वाटायचं, हे काय धुणं झालं. पण दोनेक आठवड्यांत ओठांची चीर भरली. मग नाकाजवळचे पापुद्रे गेले. बसमध्ये मी ओढणीने तोंड बांधायला लागले, वाऱ्यासाठी आणि मिरचीच्या धुळीसाठीही.

एकदा मी टिपत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मन्हं बी दख. खरबडं व्हई गयं."

मी त्यांना पाटावर बसवलं. बोटांवर ते औषध घेऊन त्यांच्या गालांवरून, कपाळावरून फिरवलं. त्यांचं कपाळ गेली कित्येक वर्षं रिकामंच होतं. मध्यावर पूर्वीचं एक बारीक गोंदण होतं, हिरवं, फिकं झालेलं. डोळे मिटून त्या म्हणाल्या की त्यांच्या वेळी बायकांनी त्यांना नदीवर नेलं होतं, थंडीचे दिवस होते, आणि ओल्या फडक्याने इतकं घासलं होतं की कपाळ सोलून निघालं होतं. पुढे कितीतरी दिवस तिथे खपली होती. कुणी काही लावलं नाही. विधवेच्या तोंडाला काय लावायचं, असंच तेव्हा होतं.

"म्हनीसन मी तुले कोनले हात लावू दिन्हा नही," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं तोंड टिपलं आणि क्रीम लावली. त्यांच्या सुरकुत्यांत ती नीट बसायला वेळ लागायचा. मी घाई करत नसे.

उन्हाळा आला तसा माझ्या गालांचा ओढलेपणा गेला. कपाळावरचा डाग कडेने थोडा भरला, मधे पांढरा राहिला. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, किती मऊ झालंय गं." मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. पन्नाशीत मऊ झालेलं तोंड पाहायला जो माणूस असायला हवा होता तो नव्हता. त्यांनी कधी माझ्या रूपाबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आता ते विचारावंसं वाटत होतं.

मुलीने एक कुंकवाची डबी आणली होती, गोंद नसलेलं, नुसती पिंजर. "लाव ना," ती म्हणाली. "आता कोण काय बोलतंय? आणि बोललं तर बोललं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुले लावनं व्हई ते लाव. मी काय बोलनार नही."

मी खूप वेळ डबी हातात धरून बसले. लावायला माझी ना नव्हती. पण मला ते कपाळ तसंच हवं होतं. रीत म्हणून नव्हे. तो डाग झाकून मला टिकलीच्या त्या वर्षांवर काही नवं चढवायचं नव्हतं, एवढंच. मुलीला हे पटलं नाही. तिला वाटलं, मी समाजाला घाबरले. ती चिडली, मग रडली, आणि आम्ही तिघीही रडलो. डबी कपाटात ठेवली आहे. उद्या मन झालं तर लावीनही.

पावसाळा लागला त्या सुमारास सासूबाई एका दुपारी मोरीत घसरल्या. मी शाळेत होते. हाड मोडलं नाही, पण मी घरी येईपर्यंत त्या तशाच ओल्या फरशीवर बसून होत्या. उठता येत नव्हतं आणि हाक ऐकायला कुणी नव्हतं. माझ्या नणंदेला कळलं तशी ती नवापूरहून गाडी घेऊन आली. तिच्याकडे कोंबड्यांची शेड आहे, घरात दिवसभर माणसं असतात.

"वहिनी, तुम्ही शाळेत जाणार," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणी ना कुणी असतं. मी तिला नेते."

ती खरं तेच बोलत होती, मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासूबाई आधी तयार नव्हत्या. मग त्याच म्हणाल्या, "तू शाळामा जास, मी भितीले दखत बठस. जास मी." गाडीत बसताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

त्यांच्या पिशवीत मी ती क्रीम आणि धुण्याचं औषध दिलं. नणंदेला सगळं समजावून सांगितलं, कोमट पाणी, बोटांनी, टिपायचं. ती मान डोलवत होती. पण कोंबड्यांच्या आणि माणसांच्या धबडग्यात तिला ते रोज जमेल असं मला वाटलं नाही, आणि जमत नाहीच. मी सुट्टीला जाते तेव्हा सासूबाईंचे गाल पुन्हा खरबरीत झालेले असतात. मी पाणी गरम करते, त्यांचं तोंड धुते, क्रीम लावते. त्या डोळे मिटून बसतात. परत येताना मला रेल्वेत फार एकटं वाटतं.

घरी आता मी एकटीच आहे. सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी एकदा औषध. शाळेतून आल्यावर लगेच धुवावंसं वाटतं, पण दिवेलागणीपर्यंत थांबते, कारण त्यानंतर करण्यासारखं फार काही उरत नाही. थंडी पुन्हा सुरू झाली आहे. गाल ठीक आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच चालू ठेवा, आणखी काही नको.

काल सासूबाईंचा फोन आला. त्यांना फोनवर मोठ्याने बोलायची सवय आहे, पण काल आवाज बारीक होता. तिकडे थंडी पडली का, इकडे पडली का, असं थोडं झालं. मग त्या गप्प झाल्या आणि मला कळलं की त्या रडत आहेत. मीही रडले. कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे कोंबड्यांचा गलका ऐकू येत होता, नणंद कुणाला तरी हाक मारत होती.

थोड्या वेळाने नाक ओढत त्या म्हणाल्या, "काय भाजी करी आज?"

मी म्हटलं, "अजून काही केलं नाही आई."

"कर काहीतरी," त्या म्हणाल्या. "उपाशी झोपू नको."

मी उठून वांगी चिरायला घेतली.